बाळंतिणीच्या खोलीतला दिवा

आपल्या समाजातील एखाद्या घरी मुलगी किंवा सून गरोदर आहे असे कळले की दोन प्रकारची तयारी सुरू होते. पहिली तयारी सर्वांना दिसते. डिंक, अळीव, सुंठ, खारीक यांची यादी होते. मुंबईहून किंवा अलिबागहून कोणी पाहुणा येणार असेल तर त्याला वेखंड आणि जायफळ आणायला सांगितले जाते. पाळणा कोणाच्या घरी आहे याची चौकशी होते. दुसरी तयारी कोणाला दिसत नाही. ती त्या मुलीच्या मनात चालू असते. कळा कशा असतील, आपल्याला सोसतील काय, मूल धड असेल ना, आपण वाचू ना, असे विचार ती रात्री करीत असते, आणि बहुधा एकटीच करीत असते. विचारले तर "काही नाही, ठीक आहे" एवढेच उत्तर मिळते.

मी शाळा शिकले कोकणात, मराठीतून. आणि पस्तीस वर्षे परिचारिकेचे काम केले इस्राएलमध्ये. त्यांतली बरीच वर्षे प्रसूतिकक्षात गेली. त्यामुळे बाळंतपणाविषयी दोन्हीकडचे बोलणे माझ्या कानांवर पडले आहे. काही वडीलधारी माणसे म्हणतात, पूर्वीच्या बायका शेतात बाळंत होत आणि लगेच कामाला लागत, हल्लीच्या मुली फार नाजूक. काही तरुण मंडळी म्हणतात, आता औषधे आहेत, यंत्रे आहेत, मनाची तयारी कशाला हवी? ही दोन्ही मते इतिहासाला धरून नाहीत. बाळंतिणीचे मन सांभाळणे हा तिच्या उपचाराचाच भाग आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती, मध्यंतरी वैद्यकशास्त्र ती विसरले, आणि मग पुन्हा मोठ्या कष्टाने शिकले. हा सर्व प्रवास वाचक बंधुभगिनींपुढे मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

तोरा आणि तालमूदमध्ये

सुईणीचा पेशा आपल्या लोकांत किती जुना आणि किती मानाचा आहे हे शेमोथच्या पहिल्याच अध्यायात दिसते. शिफ्रा आणि पुआ या दोन सुइणींनी फारोची आज्ञा मोडून इब्री मुलगे वाचविले. पण मला परिचारिका म्हणून नेहमी आठवते ती दुसरी एक सुईण, जिचे नावसुद्धा तोरात दिलेले नाही. बेरेशीथच्या पस्तिसाव्या अध्यायात राहेल आपली आई एफ्राथच्या वाटेवर अडते. कळा अतिशय कठीण झालेल्या असताना ही सुईण तिला भिऊ नये म्हणून सांगते, आणि हाही मुलगाच आहे असे सांगून तिला धीर देते. पुढे बिन्यामिन जन्मतो आणि राहेल मरण पावते. एका सुईणीने बाळंतिणीला काय म्हटले, ही गोष्ट तोराने नोंदवून ठेवावी, याचे मला फार मोल वाटते. आणि नुसत्या धीराच्या शब्दाने प्राण वाचत नाही, हेही त्याच ठिकाणी लिहिलेले आहे. या दोन्ही गोष्टी वाचकांनी पुढील लेख वाचताना लक्षात ठेवाव्यात.

इस्राएलमध्ये आपण रोज रेडिओवर 'मश्बेर' हा शब्द ऐकतो. आजच्या इब्रीत त्याचा अर्थ संकट असा आहे. मिश्नामध्ये मात्र स्त्री बाळंत होण्यासाठी ज्या आसनावर बसते, त्याला मश्बेर म्हटले आहे. संकट आणि जन्म हे आपल्या भाषेत एकाच जागी बसलेले आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

पण सर्वांत महत्त्वाचा उल्लेख तालमूदच्या शब्बाथ या भागात आहे. बाळंत होणाऱ्या स्त्रीसाठी शब्बाथ मोडून सुईण आणावी, तिला दिवा हवा असेल तर तिच्या सोबतिणीने तो लावावा, असा नियम आहे. त्यावर प्रश्न निघतो की हे वेगळे सांगण्याची गरज काय? उत्तर असे की, ती स्त्री आंधळी असली तरीही दिवा लावावा. तिला त्या दिव्याचा काय उपयोग? आचार्य सांगतात की त्याने तिचे मन स्वस्थ होते. तिला वाटते, काही कमीजास्त झाले तर माझ्या सोबतिणीला दिसेल आणि ती माझ्यासाठी करील.

वाचकांनी क्षणभर याचा विचार करावा. शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटविणे आपल्या धर्मात किती गंभीर मानले आहे! ते बंधन केवळ जीव वाचविण्यासाठीच सैल होते. आणि येथे ते सैल होते ते बाईला दिसावे म्हणून नव्हे, तर तिची भीती जावी म्हणून. म्हणजे बाळंतिणीची भीती ही जिवावर बेतू शकणारी गोष्ट आहे, असे त्या आचार्यांनी दीड हजार वर्षांपूर्वी ठरविले होते.

कोकणातले घर

आपले बेने इस्राएल पूर्वज कोकणात आले तेव्हा त्यांच्याजवळ तालमूद नव्हता. शेमा, शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम एवढे त्यांनी जपून ठेवले. तरीसुद्धा बाळंतिणीच्या खोलीत रात्रंदिवस दिवा ठेवण्याची रीत कोकणात होतीच, आणि आपल्या घरांतही आजी-पणजीच्या काळापर्यंत ती चालत होती. कारण वेगळे सांगत असतील, पण अंधारात बाळंतिणीला एकटे ठेवू नये ही समजूत तीच.

हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला आपल्या समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. जन्मापासून मरणापर्यंतच्या आपल्या चालीरीती त्यात वाचावयास मिळतात. त्यांतील बऱ्याच आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात हिरवे लुगडे, हिरव्या बांगड्या, ओटी. आठव्या दिवशी मुलाची मिला आणि एलियाहू हन्नाबीची खुर्ची. मुलगा झाला तर चाळीस दिवस आणि मुलगी झाली तर ऐंशी दिवस बाळंतिणीने वेगळे राहावे, हा वायिक्राच्या बाराव्या अध्यायातला हिशेब. आणि सुखरूप सुटका झाल्यावर नवस फेडण्यासाठी मलिदा.

आता एक परिचारिका म्हणून मी या रीतींकडे पाहते तेव्हा मला त्यांत एक पद्धतशीर तयारी दिसते. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते. म्हणजे सासरचे काम आणि संकोच सुटतो आणि ती आईजवळ झोपू लागते. लहानपणापासून तिने मामी-मावशींची बाळंतपणे दाराआडून ऐकलेली असतात. त्यामुळे कळा म्हणजे काय हे तिला अगदीच अपरिचित नसते. सुईण तर घरातलीच झालेली. तिनेच हिच्या जन्माच्या वेळी नाळ कापलेली असायची. कळा सुरू झाल्या की आई, आजी, काकी, शेजारीण यांच्यापैकी कोणी ना कोणी पाठ चोळायला आणि हात धरायला असे. "अगं, आता थोडंच राहिलं, दम धर" हे शब्द सांगणारी बाई स्वतः त्या वाटेने जाऊन आलेली असे. नंतर चाळीस दिवस शेक, मालिश, काढा, लाडू, आणि मुख्य म्हणजे झोप.

असे असले तरी जुने ते सर्व सोने होते असे मी म्हणणार नाही. आपल्या आज्यांना मुले किती असे विचारले तर त्या दोन आकडे सांगत: झाली किती, आणि राहिली किती. न उकळलेल्या विळ्याने नाळ कापली म्हणून धनुर्वाताने मुले गेली. हात न धुता तपासले म्हणून सूतिकाज्वराने आया गेल्या. मूल आडवे आले तर सुईण आणि घरच्या बायका नुसती प्रार्थना करू शकत. धीर होता, पण राहेलच्या सुईणीप्रमाणे धीरापलीकडे हातात फारसे काही नव्हते.

कामा इस्पितळ आणि डॉ. जेरुशा झिराड

ही उणीव भरून काढण्यात आपल्याच समाजातील एका स्त्रीचा मोठा वाटा आहे, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. मुंबईत स्त्रियांसाठी आणि स्त्री डॉक्टरांच्या हाताखाली चालणारे कामा इस्पितळ १८८६ मध्ये सुरू झाले. पुरुष डॉक्टरापुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया त्या काळी सर्व जातीधर्मांत होत्या. त्यांचा संकोच दूर करणे हाच मुळी उपचाराचा पहिला भाग होता.

डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म १८९० मध्ये शिमोगा येथे झाला. पुण्यात शाळा आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या आणि १९१९ मध्ये एम.डी. झाल्या. १९२८ ते १९४७ पर्यंत कामा इस्पितळाची सूत्रे त्यांच्या हाती होती. १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबई शहरात बाळंतिणी का मरतात याचा शोध घेतला. आपल्या बेने इस्राएल स्त्री मंडळाच्या संस्थापिकांत त्यांचे नाव आहे. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९८४ मध्ये त्या वारल्या. बाळंतीण मेली तर ते दैव नव्हे, त्याला कारण असते आणि कारण शोधता येते, ही दृष्टी त्यांच्या कामात होती. त्यांच्या पिढीच्या डॉक्टर आणि परिचारिकांमुळे "झाली किती आणि राहिली किती" हा प्रश्न हळूहळू आपल्या घरांतून नाहीसा झाला.

इस्पितळात प्राण वाचू लागले. पण इस्पितळात जाताना बाईची माणसे मात्र दाराबाहेर राहिली. हे कसे घडले ते समजण्यासाठी युरोपकडे पाहावे लागते, कारण आपल्याकडची इस्पितळे तिकडच्याच नमुन्यावर उभी राहिली.

वेदना गेली, भीती राहिली

१८४७ हे वर्ष बाळंतपणाच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी व्हिएन्नाच्या इस्पितळात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवावयास लावले आणि सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने उतरले. त्या इस्पितळात दोन विभाग होते. डॉक्टर विद्यार्थ्यांच्या विभागात १८४६ मध्ये दर शंभरात दहाहून अधिक बाळंतिणी मरत होत्या. सुइणींच्या विभागात त्याहून कितीतरी कमी. आम्हाला पहिल्या विभागात घालू नका म्हणून स्त्रिया गुडघे टेकून विनवणी करीत, असे सेमेलवाइस यांनीच लिहून ठेवले आहे. डॉक्टर त्याला बायकांची घबराट समजत. बायकांचे म्हणणे खरे होते.

त्याच वर्षी एडिंबरो येथे डॉ. सिम्पसन यांनी प्रथम ईथर आणि नंतर क्लोरोफॉर्म बाळंतपणात वापरला. काही लोकांनी आक्षेप घेतला की हव्वेला वेदनेने मूल होईल असे देवाने सांगितले आहे, मग वेदना घालविणे हे पाप नव्हे काय? सिम्पसन यांनी त्याच वर्षी पुस्तिका काढून उत्तर दिले, आणि ते उत्तर आपल्या दृष्टीने गमतीचे आहे. त्यांनी मूळ इब्री शब्द काढला. बेरेशीथच्या तिसऱ्या अध्यायातील तो शब्द 'एत्सेव'. त्याच धातूचा शब्द लगेच पुढे आदामाच्या शेतातल्या कष्टांसाठी आला आहे. तेव्हा त्याचा अर्थ कष्ट, मेहनत असा घ्यावा, यातना असा नव्हे, असे त्यांनी मांडले. आज इस्राएलमध्ये आपली नातवंडे 'एत्सेव' म्हणजे मनाचे दुःख असा अर्थ सांगतील. एकाच शब्दात कष्टही आहेत आणि मनाचे दुःखही आहे.

१८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी डॉ. जॉन स्नो यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतला आणि बराचसा विरोध मावळला. पुढे १९०६ च्या सुमारास जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मॉर्फिन आणि स्कोपोलामिन या औषधांची 'संधिप्रकाशाची झोप' निघाली. अमेरिकेत ती फार लोकप्रिय झाली आणि १९६० च्या दशकापर्यंत वापरात राहिली. या औषधाने बाईला वेदनेचा विसर पडे, पण वेदना होतच असे. ती ओरडे, हातपाय झाडी, म्हणून तिला कडेला गाद्या लावलेल्या खाटेवर बांधून ठेवीत. शुद्धीवर आल्यावर तिला मूल दाखवीत आणि ती म्हणे, मला काहीच आठवत नाही. प्राण वाचविण्याची आणि वेदना झाकण्याची विद्या मिळाली होती. बाईशी बोलावे, तिला काय होत आहे ते सांगावे, हे मात्र कोणाच्या ध्यानात राहिले नव्हते.

भीतीवर उपाय शोधणारे डॉक्टर

ही उणीव ज्यांनी बोलून दाखविली त्यांत इंग्लंडचे डॉ. ग्रँटली डिक-रीड हे अग्रेसर. तरुणपणी लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील एका गळक्या झोपडीत ते बाळंतपणासाठी गेले होते. त्यांनी क्लोरोफॉर्म पुढे केला, पण त्या गरीब बाईने तो घेतला नाही. नंतर कारण विचारले तेव्हा तिने सांगितले की तिला दुखलेच नाही, आणि दुखायला हवे असेही तिला वाटत नव्हते. डिक-रीड यांच्या मनात हे उत्तर घर करून राहिले. १९३३ मध्ये आणि पुन्हा १९४२ मध्ये पुस्तके लिहून त्यांनी मांडले की भीतीने शरीर आखडते, आखडल्याने वेदना वाढते, आणि वेदनेने भीती आणखी वाढते. हे चक्र तोडावयाचे तर बाईला आधी माहिती द्यावी, अंग सैल सोडावयास शिकवावे आणि प्रसूतीच्या वेळी तिला एकटी ठेवू नये.

त्यांचे सर्वच म्हणणे मला मान्य नाही. साध्यासुध्या, तथाकथित रानटी लोकांतील स्त्रियांना वेदना होत नाहीत, असा त्यांचा समज होता. आपल्या कोकणातल्या बायकांची बाळंतपणे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे पटणार नाही. वेदना राणीलाही होते आणि कोळणीलाही होते. पण भीतीने ती दुणावते हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. भीतीमुळे अंगात ॲड्रेनलिन वाढते आणि त्यामुळे गर्भाशयाच्या कळा मंदावू शकतात, हे पुढे रक्ताच्या तपासण्यांतून दिसून आले.

त्याच सुमारास रशियात खारकोव्हचे डॉ. वेल्वोव्स्की आणि त्यांचे सहकारी पावलोव्हच्या सिद्धांतावरून दुसरी पद्धत बसवीत होते. घंटा ऐकून कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, तसे 'कळ' हा शब्द ऐकूनच बाईचे अंग आखडते. तेव्हा शब्द बदला, श्वास शिकवा, शरीराची माहिती द्या, असे त्यांचे सूत्र. १९५१ मध्ये फ्रान्सचे डॉ. लामाझ रशियात जाऊन हे पाहून आले आणि १९५२ पासून पॅरिसमध्ये, धातुकामगारांच्या संघटनेने चालविलेल्या प्रसूतिगृहात, कामगारांच्या बायकांना वर्ग घेऊन शिकवू लागले. १९५६ मध्ये पोप पायस बारावे यांनीही या पद्धतीत धर्माविरुद्ध काही नाही असे जाहीर केले. सिम्पसनच्या काळचा वाद अशा रीतीने शंभर वर्षांनी मिटला.

तेथून ही पद्धत अमेरिकेत गेली ती एलिझाबेथ बिंग यांच्या हातून. बर्लिनमध्ये १९१४ साली ज्यू वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या या बाई नाझींच्या जाचामुळे इंग्लंडला गेल्या आणि तेथे व्यायामोपचार शिकल्या. १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी या शिक्षणासाठी संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. नवऱ्याने वर्गाला यावे आणि प्रसूतीच्या वेळी बायकोजवळ राहावे, हा विचार तेव्हापासून जगभर रुजला. बिंग २०१५ मध्ये शंभर वर्षांच्या होऊन वारल्या.

आपल्या मायबहिणी इस्राएलमध्ये

हे वारे इस्राएलमध्ये पोहोचण्यापूर्वीच आपली कुटुंबे येथे येऊ लागली होती. येथे गरोदर बाईची आणि तान्ह्या मुलाची काळजी घेण्याची व्यवस्था राज्यस्थापनेपूर्वीच उभी होती. हदासा संस्थेच्या दोन परिचारिका १९१३ मध्ये येरुशलाइमला आल्या आणि १९२० च्या दशकात 'तिपत हलाव' म्हणजे 'दुधाचा थेंब' ही केंद्रे सुरू झाली. १९५३ चा राष्ट्रीय विमा कायदा एप्रिल १९५४ पासून लागू झाला आणि इस्पितळात बाळंत होणाऱ्या स्त्रीला अनुदान मिळू लागले. त्यामुळे मोरोक्को, इराक, येमेन आणि हिंदुस्थानातून आलेल्या बायकाही इस्पितळात येऊ लागल्या आणि असंख्य जीव वाचले. याचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण त्या काळी आलेल्या आपल्या मायबहिणींना कशातून जावे लागले हेही लिहून ठेवावयास हवे, कारण त्या आता थोड्याच उरल्या आहेत. आई अलिबागला, सासू मुंबईला, आणि ही वाळवंटातल्या नव्या गावी. इब्री येत नाही, इंग्रजी येत नाही. नवरा दारापाशी थांबविलेला. एका वृद्ध बाईंनी मला आपल्या पहिल्या बाळंतपणाची हकीकत सांगितली. दक्षिणेकडील एका इस्पितळात त्या रात्रभर एकट्या होत्या. परिचारिका येऊन काहीतरी मोठ्याने सांगे, आणि आपण काही चुकलो म्हणून रागावत आहे असे यांना वाटे. प्रत्यक्षात ती फक्त जोर कर असे सांगत होती. पहाटे शेजारच्या खाटेवरील मोरोक्कन मुलीची आई उठली, यांच्याजवळ येऊन बसली आणि पाठ चोळीत अरबीत काहीतरी पुटपुटत राहिली. "एक शब्द कळला नाही गं," बाई म्हणाल्या, "पण वाटलं, आपली आईच आली." त्यानंतर तासाभरात मूल झाले.

पुढे मी प्रसूतिकक्षात कामाला लागल्यावर आपल्याकडची कोणी बाई आली की मला दुसऱ्या विभागातूनही बोलावीत. मी काही मोठे करीत नसे. मराठीत सांगे, "आता अमुक होणार आहे, मग तमुक होणार आहे, मी इथेच आहे." आखडलेले खांदे खाली आलेले दिसत. एपिडुरल देणारा डॉक्टर येवो न येवो, या वाक्याचे काम वेगळेच होते.

संशोधनाने काय दाखविले

हे सर्व नुसते अनुभवाचे बोल राहिले असते, पण १९८० मध्ये ग्वाटेमाला देशातील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉ. क्लाउस, डॉ. केनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलटकरणींचे दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे एकटे ठेवले. दुसऱ्या गटातील प्रत्येकीजवळ एक अनोळखी पण प्रेमळ बाई बसविली. ती हात धरी, पाठ चोळी, बोले, एवढेच. ज्यांना काही गुंतागुंत झाली नाही अशा स्त्रियांत, एकट्या राहिलेल्यांना प्रसूत होण्यास सरासरी एकोणीस तासांहून अधिक वेळ लागला, आणि सोबत असलेल्यांना सुमारे नऊ तास. त्या मोरोक्कन बाईने वाळवंटातल्या गावी जे केले होते, तेच आता आकड्यांत मांडले गेले.

त्यानंतर अनेक देशांत असे प्रयोग झाले. २०१७ मध्ये १७ देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासण्यात आली. ज्यांना सतत सोबत मिळाली त्यांना नैसर्गिक प्रसूती होण्याचा संभव वाढला, सिझेरियन कमी झाली, कळांचा काळ काहीसा घटला, आणि बाळंतपणाविषयी मनात कडवटपणा राहण्याचे प्रमाणही कमी झाले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना सांगितले की प्रत्येक प्रसूतीच्या वेळी बाईला तिच्या पसंतीचे माणूस जवळ ठेवू द्यावे. ज्या सोबतिणीने आंधळ्या बाळंतिणीसाठी दिवा लावावयाचा, तिची जागा आता वैद्यकशास्त्राने मान्य केली आहे.

आज आपण काय करावे

आपल्या आज्यांजवळ धीर होता, उपचार नव्हते. इस्पितळात प्रथम गेलेल्या पिढीजवळ उपचार होते, पण धीर देणारे कोणी नव्हते. आपल्या नाती या पहिल्या अशा आहेत की त्यांना दोन्ही मिळू शकतात. यासाठी काही गोष्टी अनुभवाने सांगाव्याशा वाटतात.

गरोदर मुलीपुढे अडलेल्या, मेलेल्या बाळंतिणींच्या गोष्टी सांगू नयेत. पण तिने काही विचारले तर मात्र खोटे सांगू नये. दुखते, फार दुखते, पण कळ येते आणि जाते, आणि मध्ये विसावा मिळतो, एवढे खरे सांगितले तरी तिला आधार होतो.

'हखाना ले-लेदा' म्हणजे प्रसूतीच्या पूर्वतयारीचे वर्ग येथे सर्वत्र आहेत. नवरा-बायकोंनी मिळून जावे. आपल्याकडे काही पुरुष अजून संकोच करतात. त्यांना सांगावे की आजोबा अंगणात फेऱ्या घालीत होते, कारण त्यांना दुसरे काही ठाऊक नव्हते.

वेदनाशामक इंजेक्शन घेतले म्हणून, किंवा सिझेरियन झाले म्हणून कोणत्याही मुलीला कमी लेखू नये. मनाची तयारी म्हणजे हट्टाने सोसणे नव्हे. काय काय घडू शकते हे आधी समजून घेतलेले असणे, आणि वेळेवर बेत बदलावा लागला तरी खचून न जाणे, म्हणजे तयारी.

आणि बाळंतपणानंतरचे मन विसरू नये. जुने चाळीस दिवस शुद्धीसाठी होते. पण त्यांत कोणी ना कोणी बाळंतिणीजवळ असे. आता तिसऱ्या दिवशी मुलगी घरी येते आणि पंधरवड्यात घरात एकटी उरते. काहींच्या मनावर मळभ येते. रडू येते, मुलाविषयी काहीच वाटेनासे होते. १९८७ मध्ये एडिंबरो येथे यासाठी दहा प्रश्नांची एक यादी तयार झाली. तिपत हलावमधील परिचारिका तीच यादी येथे विचारतात. आपल्या मुली "लोक काय म्हणतील" या भीतीने सर्व ठीक आहे असे उत्तर देतात. आईने आणि सासूने आधीच सांगून ठेवावे की खरे तेच सांग, यात लाजण्यासारखे काही नाही आणि यावर उपाय आहे.

इब्रीत गरोदर बाईला 'मझाल तोव' म्हणत नाहीत. 'ब-शाआ तोवा' म्हणतात, म्हणजे शुभ घडीला होवो. आपण मराठीत सुखरूप सुटका होवो असे म्हणतो. दोन्ही म्हणावे, आणि त्याबरोबर एक प्रश्नही विचारावा: त्या वेळी तुझ्याजवळ कोण असावे असे तुला वाटते? ती जिचे किंवा ज्याचे नाव घेईल, त्या माणसाने ते दिवस मोकळे ठेवावेत आणि रात्री फोन उशाशी ठेवून झोपावे.

आपल्या समाजातील सर्व गरोदर मुलींची सुखरूप सुटका होवो, अशी परमेश्वरापाशी प्रार्थना आहे.